शेन्झेनच्या जमिनीचं प्रकरण

दक्षिण चीनमध्ये, हाँगकाँगला लागून असलेल्या शेन्झेन शहराच्या नानशान भागात, शेननान मार्गाला लागून, बाइशीचौ नावाची वस्ती होती. अर्ध्या-पाऊण चौरस किलोमीटरात अडीच हजारांच्या आसपास इमारती आणि अंदाजे दीड लाख माणसं. रस्त्यापलीकडे १९९४ साली उघडलेलं 'विंडो ऑफ द वर्ल्ड' हे मनोरंजन उद्यान. त्यातला १०८ मीटर उंचीचा नकली आयफेल टॉवर वस्तीतल्या गच्च्यांवरून दिसायचा. शेजारी 'ओव्हरसीज चायनीज टाउन', म्हणजे सिंगापूरच्या नियोजनकाराने आखलेली, झाडीतली महागडी वसाहत. मेट्रोचं स्टेशन दारात. आणि वस्तीच्या आत दोन इमारतींमधली वाट काही ठिकाणी इतकी चिंचोळी, की छत्र्या उघडून दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला छत्री मिटावी लागेल. २०१९च्या उन्हाळ्यात इथे घरं रिकामी करण्याच्या नोटिसा लागल्या.

एकाच रस्त्यावर, एकाच काळात बांधलेली ही दोन रूपं इतकी वेगळी का? 'एक नियोजित, दुसरं बेकायदा' या उत्तराने माझं समाधान होत नाही. बेकायदा बांधकाम जगभर होतं, पण ते नेमक्या याच आकाराचं, याच जागी आणि इतकं प्रचंड का झालं हे त्यातून कळत नाही. नगरपालिकेच्याच मोजणीनुसार शेन्झेनमधलं निम्म्याच्या आसपास बांधकाम नियमबाह्य होतं. निम्मं शहर नियमात बसत नसेल, तर चौकशी नियमाची करायला हवी. ती करायला घेतली की गाडी जमिनीच्या मालकीवर येऊन थांबते.

कोरा कागद नव्हता

शेन्झेनचं नाव निघालं की 'मच्छीमारांच्या खेड्याचं महानगर झालं' ही गोष्ट येतेच. ती खरी नाही. १९७९ साली ज्याचं नाव बदलून शेन्झेन शहर झालं, तो बाओआन नावाचा तीन लाखांवर वस्तीचा अख्खा जिल्हा होता. त्यात शेकडो खेडी होती, एकेका आडनावाच्या भाऊबंदांची, पूर्वजांच्या देवळांची, भातशेतीची आणि कालवं पिकवणाऱ्या खाड्यांची. शेन्झेन हे त्यातलं बाजाराचं गाव. १९११ पासून तिथे हाँगकाँगच्या कोलूनहून ग्वांगझाऊला जाणाऱ्या रेल्वेचं स्टेशन होतं. खेड्याची गोष्ट सांगणाऱ्याला सोयीची असते, कारण तिच्यात जमिनीला आधीचा धनी दिसत नाही. पुढचं सगळं प्रकरण या धन्यांमुळेच घडलं.

त्याआधी १९७० च्या दशकाअखेर सुरू झालेल्या आर्थिक सुधारणांपूर्वीचं चिनी शहर कसं होतं ते पाहू. माणूस ज्या कारखान्यात, कचेरीत किंवा विद्यापीठात कामाला, ती संस्था म्हणजे त्याचं दानवेई. काम, खोली, खानावळ, दवाखाना, पोरांची शाळा, सगळं तिच्याच कुंपणात. जमीन सरकार फुकट आणि बेमुदत देई. त्यामुळे शहराच्या ऐन मध्यात कापडगिरणी किंवा गोदाम ठाण मांडून बसलेलं असे. कारखाना मोक्याची जागा सोडत नसे. सोडून मिळणार काय? भाव नाही म्हटल्यावर मध्यभागी उंच आणि कडेला बैठं असा चढ-उतारही शहराला येत नसे. पाच-सहा मजली विटांच्या चाळी, भोवती भिंत, भिंतीपलीकडे दुसरी संस्था. बीजिंग असो की वुहान, नमुना तोच.

शेन्झेनमध्ये हा नमुना पुरेसा रुजला नाही, कारण रुजायला सरकारकडे पैसाच नव्हता. १९७९ मध्ये शेकोऊच्या टोकाला 'चायना मर्चंट्स' या सरकारी कंपनीला २.१४ चौरस किलोमीटर जागा मिळाली. २६ ऑगस्ट १९८० रोजी ३२७.५ चौरस किलोमीटरचं विशेष आर्थिक क्षेत्र जाहीर झालं. टेकड्या सपाट करायच्या, रस्ते, पाणी, वीज आणायची, आणि बीजिंगकडून मिळाली मुख्यतः परवानगी. मग जागा हाँगकाँगच्या भांडवलदारांना भागीदारीत द्यायची, त्यांनी बांधायचं, नफा वाटून घ्यायचा, असं सुरू झालं. यात एक अडचण होती. १९८२च्या राज्यघटनेच्या दहाव्या कलमाने शहरातली जमीन राष्ट्राची आणि खेड्यातली, घरठाणांसकट, गावसमूहाची ठरवली होती. आणि कोणतीही जमीन विकायला किंवा भाड्याने द्यायला त्याच कलमाची मनाई होती.

१९८७: तीन व्यवहार

शेन्झेनने यातून काढलेली वाट अशी: मालकी राष्ट्राकडेच ठेवायची, विकायचा तो ठरावीक वर्षांचा वापरहक्क. कल्पना हाँगकाँगची होती. तिथलं ब्रिटिश सरकार जमीन पट्ट्यानेच देत आलं होतं, आणि लिलावाचे भाव पलीकडच्या काठावर रोज वर्तमानपत्रांत छापून येत होते.

१९८७ मध्ये तीन व्यवहार झाले. सप्टेंबरात ५,३०० चौरस मीटरचा भूखंड एका सरकारी कंपनीला बोलणी करून दिला, चौरस मीटरला २०० युआन भावाने. नोव्हेंबरात ४६,३५५ चौरस मीटरचा भूखंड निविदा मागवून १ कोटी ७० लाख ५० हजार युआनला गेला. म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३६८. आणि १ डिसेंबरला शेन्झेनच्या सभागृहात जाहीर लिलाव झाला. लुओहू भागातला ८,५८८ चौरस मीटरचा तुकडा, मुदत ५० वर्षं, सुरुवात २० लाखांपासून, मैदानात ४४ कंपन्या. हातोडा पडला तो ५२ लाख ५० हजारांवर, म्हणजे चौरस मीटरला ६११ युआन. जागा वेगळ्या, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. पण बोलणी, निविदा आणि लिलाव या तीन पायऱ्यांवर भाव तिप्पट झाला हे कुणाच्या नजरेतून सुटलं नसणार. घेणारी कंपनी शहराचीच होती. त्या भूखंडावर १५४ सदनिका उभ्या राहिल्या आणि विक्रीला काढल्या त्या दिवशीच संपल्या.

त्या डिसेंबरात घटनेचं कलम होतं तसंच होतं. घटनेत दुरुस्ती झाली एप्रिल १९८८ मध्ये. आधी व्यवहार, मागून कायदा, हा क्रम सुधारणांच्या काळात पुन्हा पुन्हा दिसतो. नियोजनाच्या अभ्यासकाने चीनचे नकाशे वाचताना नकाशाची तारीख आणि बांधकामाची तारीख या दोन्ही पाहाव्यात त्या याचसाठी.

एक जोड द्यायला हवी. लिलाव गाजला, तरी पुढची बरीच वर्षं बहुतेक जमीन बोलणी करूनच दिली जात होती, ओळखीपाळखी आणि सवलतींसकट. व्यापारी आणि निवासी बांधकामाची जमीन निविदेने किंवा लिलावानेच द्यायची, ही सक्ती देशभर आली ती जुलै २००२ पासून. दरम्यान १९९४च्या करसुधारणेने महसुलाचा मोठा वाटा केंद्राकडे गेला होता आणि १९९८ मध्ये कर्मचाऱ्यांना घरं वाटण्याची जुनी पद्धत बंद झाली होती. खर्च अंगावर, कर हातातून गेलेला आणि घरांसाठी रांग लागलेली. नगरपालिकांनी जमीन विकायला काढली नसती तरच नवल.

विक्रीचा आकार शहराच्या आकारात उतरला. सरकार मोठमोठे रस्ते काढतं आणि त्यांच्यामधला अवाढव्य चौकोन एकगठ्ठा विकतं. आतल्या गल्ल्या, बागा, दिवे, पहारेकरी हे विकासकाकडे. त्यामुळे शंभर मीटरांहून रुंद शेननान मार्ग, त्याच्या कडेला कुंपणातले तीस-तीस मजली मनोरे, आणि रस्ता ओलांडायचा तर पाच-सात मिनिटं चालल्यावर सापडणारा पादचारी पूल. दानवेईची भिंत पाडली असं मानलं जातं. माझ्या मते भिंत राहिली, आतली संस्था तेवढी गेली आणि तिच्या जागी घरमालकांची सोसायटी आली. २०१६ मध्ये केंद्राने अशी कुंपणं बांधू नयेत, असलेली हळूहळू खुली करावीत असं सुचवलं, तेव्हा घरमालकांनी केवढा गलका केला! पैसे भिंतीसकट मोजले होते.

गावाच्या वाट्याला काय राहिलं

आता उरलेलं अर्धं शहर.

नगरपालिकेने भातशेती आणि फळबागा घेतल्या, घरठाण सोडलं. शेतीचा मोबदला स्वस्तात मिटत होता; घरठाणातली माणसं उठवायची तर त्यांना घर, रोजगार आणि शहरी रहिवाशाचे हक्क द्यावे लागले असते. म्हणून शहर गावाला वळसा घालून वाढलं. नवी मुंबईत सिडकोने शेती घेऊन गावठाणं ठेवली, आणि त्यांवर पुढे काय चढलं हे तिथल्या वाचकांना सांगायला नको. शेन्झेनमध्ये फरक आहे तो प्रमाणाचा.

१९८६च्या विकास आराखड्याने विशेष क्षेत्रासाठी २००० सालापर्यंत सुमारे ११ लाख लोकसंख्या धरली होती. २००० सालच्या जनगणनेत संपूर्ण शहरात ७० लाख माणसं निघाली. आराखडा संपूर्ण शहराचा नव्हता हे मान्य करूनही अंदाज कोसळलाच. आलेल्या माणसांपैकी बहुतेकांचं हुकोऊ, म्हणजे कुटुंबाची सरकारी नोंद, मूळ गावी. शेन्झेनच्या सरकारी घरांवर त्यांचा हक्क नाही. कुंपणातलं घर परवडत नाही. कारखान्याच्या वसतिगृहात आठ-दहा जणांच्या खोलीत एक खाट मिळते, पण लग्न झालं, मूल झालं की तिथे राहता येत नाही. ही माणसं राहणार कुठे, याचं उत्तर ना आराखड्यात होतं, ना कारखान्याच्या हिशेबात. ते दिलं गावकऱ्यांनी.

शेती गेलेल्या गावकऱ्याकडे काय होतं? घराचा एक तुकडा. तो बाहेरच्याला कायद्याने विकता येत नव्हता, गहाण ठेवून बँकेचं कर्ज मिळत नव्हतं. त्याच्यावर बांधता मात्र येत होतं, आणि भाडं रोख होतं. १९८०च्या दशकातल्या नियमांनी घराच्या पायाला साधारण ८० चौरस मीटर आणि उंचीला तीन मजले अशी मर्यादा घातली होती. पायाची मर्यादा बऱ्यापैकी पाळली गेली, कारण शेजारी डोळ्यांत तेल घालून होता. वर पाहायला कुणी नव्हतं. तीनाचे पाच झाले, पाचाचे सात-आठ. लिफ्टशिवाय माणूस जिथवर चढेल तिथवर.

ही इमारत जवळून पाहण्यासारखी आहे. तळाला दुकान: नूडलवाला, न्हावी, मोबाइल दुरुस्ती. बाजूच्या लोखंडी दारातून अरुंद जिना. पहिल्या मजल्यापासून भिंत तळाच्या रेषेबाहेर हात-दीड हात पुढे काढलेली, कारण नियम पायाचं क्षेत्रफळ मोजायचा आणि हवेतलं क्षेत्रफळ फुकट होतं. समोरच्यानेही तेच केलं. म्हणून खाली दोन-तीन मीटरची गल्ली आणि वर आकाशाची चिरफळी. खिडकीतून हात बाहेर काढला तर समोरच्याच्या हातात देता येईल, म्हणून लोक अशा घरांना हस्तांदोलन इमारती म्हणतात. मजल्यावर चार-सहा खोल्या, प्रत्येकीला कोपऱ्यात ओटा आणि मोरी-संडास, खिडकीला चोरांच्या भीतीने गज. दिवसाही दिवा लागतो. पण सगळं चालत जाण्याच्या अंतरावर मिळतं आणि भाडं आसपासच्या वसाहतींच्या तुलनेत अगदीच कमी. गावाकडून आलेला स्वयंपाकी आणि नुकताच पदवी घेतलेला संगणक अभियंता एकाच जिन्यावर भेटत.

नगरपालिकेने हे थांबवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. १९९२ मध्ये विशेष क्षेत्रातल्या सगळ्या खेड्यांतल्या माणसांना शहरी रहिवासी केलं, उरलेली सामूहिक जमीन राष्ट्राची झाली, आणि गावसमूहांचं रूपांतर भागधारक कंपन्यांत झालं. मग १९९९ मध्ये बेकायदा बांधकामांविरुद्ध ठराव आला, २००१ मध्ये आधीची बांधकामं नियमित करण्याचे नियम आले. प्रत्येक घोषणेच्या आगेमागे गावांत रात्रंदिवस स्लॅब पडायचे. कारण साधं होतं: नियमित होणार किंवा मोबदला मिळणार तो उभ्या बांधकामाला, मोकळ्या हवेला कोण विचारतो? थांबवण्यासाठी काढलेला प्रत्येक हुकूम बांधण्याचा इशारा ठरला. शेन्झेनच्या नियोजन खात्याची यात जितकी कीव येते, तितकाच रागही येतो. तारीख आधी जाहीर करण्याची चूक एकदा होते, तीनदा झाली की तिला धोरणच म्हणायला हवं.

कुंपणाबाहेर

विशेष क्षेत्राच्या उत्तर हद्दीवर १९८०च्या दशकात एक लांबलचक तारेचं कुंपण घातलं होतं. आत यायला देशाच्या नागरिकालाही परवाना लागायचा. कुंपणाच्या आत गावं म्हणजे सरकारी चौकोनांमधली बेटं झाली. बाहेर, बाओआन आणि लोंगगांग या भागांत, शेती गावांकडेच राहिली, आणि तिथे गावसमूहांनी स्वतःच कारखान्यांच्या शेड बांधून हाँगकाँगच्या उद्योजकांना भाड्याने दिल्या. कच्चा माल, यंत्रं, नमुने बाहेरून; मजुरी आणि शेड इथली. त्यामुळे तिथे शहराला मध्य असा नाहीच: शेड, वसतिगृह, बाजार, पुन्हा शेड, असे तुकडे महामार्गाला लागत गेले. २००४ मध्ये याही भागातले सुमारे २ लाख ७० हजार गावकरी एका फटक्यात शहरी झाले, म्हणजे घटनेच्या हिशेबाने त्यांची जमीन राष्ट्राची झाली. शहर म्हणून जाहीर केलं की जमीन सरकारजमा, ही युक्ती इतर शहरांनी गिरवू नये असं बीजिंगने नंतर बजावलं. २०१० मध्ये विशेष क्षेत्र अख्ख्या शहराला लागू झालं, २०१८ मध्ये कुंपणाची हद्द अधिकृतपणे रद्द झाली. मेइलिन आणि बुजी या जुन्या नाक्यांवरची वाहतूककोंडी मात्र कुंपण गेल्यावरही बराच काळ प्रसिद्ध राहिली. परवाना रद्द करता येतो, नाक्यावर येऊन मिळणारे रस्ते रद्द करता येत नाहीत.

पाडण्याचा हिशेब

२००५ मध्ये शहराने ९७४ चौरस किलोमीटर डोंगर-जंगल-पाणलोटाभोवती रेषा आखली: इथे बांधकाम नाही. शहराचं एकूण क्षेत्र २,००० चौरस किलोमीटरच्या आतच. उरलेलं भरत आलं होतं. ज्या शहराने चीनला जमीन विकायला शिकवलं, त्याच्याकडेच विकायला जमीन संपली. २०१२ मध्ये नव्या जमिनीपेक्षा पुनर्विकासातून निघालेल्या जमिनीचा पुरवठा पहिल्यांदा जास्त झाला. म्हणजे आता जमीन होती ती गावांच्या खाली.

त्साइउवेई हे याचं ठळक उदाहरण. लुओहूतल्या बँकांच्या गराड्यात हे जुनं गाव. २००७ मध्ये एका जोडप्याने सहा मजली घर सोडायला नकार दिला आणि अखेर सुमारे १ कोटी २० लाख युआन घेऊन ते उठले. त्या जागी २०११ मध्ये ४४२ मीटर उंचीचा किंगकी १०० उभा राहिला. गावाची कंपनी त्या व्यवहारात होतीच. उंचीचं कौतुक करणाऱ्या लेखांत हे क्वचित येतं की ती उंची काही अंशी गावकऱ्यांना द्यायच्या चौरस मीटरांमुळे ठरते: प्रत्येकाच्या मोडलेल्या घराइतकं नवं घर, वर विकासकाचा नफा, आणि पुनर्विकासाच्या नियमानुसार पाडलेल्या जमिनीपैकी किमान १५ टक्के रस्ते-शाळांसाठी मोफत. या तिन्ही गोष्टी बसवायच्या तर चटईक्षेत्र वाढवण्याशिवाय मार्ग नसतो. जितकी दाटी आधी, तितका उंच मनोरा नंतर. तीन मजल्यांचा नियम मोडून आठ मजले चढवणाऱ्या गावकऱ्याने नकळत पुढच्या मनोऱ्याची उंचीही ठरवून टाकली.

मोबदल्याच्या टेबलावर गावकरी, विकासक आणि नगरपालिका अशा तीन खुर्च्या असतात. भाडेकरूला चौथी खुर्ची नाही. बाइशीचौत हे उघड दिसलं. मालकांचं पिढ्यांचं उखळ पांढरं होणार होतं. दीड लाख भाडेकरूंना मिळाली ती मुदत. गलका सर्वांत मोठा उठला तो शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांचा, कारण शाळाप्रवेश राहत्या भागाच्या भाडेकरारावर अवलंबून असतो आणि जवळपास तेवढ्या भाड्यात दुसरी खोली मिळत नव्हती. वस्ती टप्प्याटप्प्याने रिकामी झाली, पाडली गेली.

मला या प्रकरणातला खरा मुद्दा इथे दिसतो. शेन्झेनमधल्या मजुरीचा दर कमी राहिला त्याचं एक मोठं कारण ही हस्तांदोलन घरं. कामगाराच्या निवाऱ्याचा खर्च ना कारखान्याने उचलला ना नगरपालिकेने. तो चिंचोळ्या गल्ल्यांनी झेलला. ज्यांना बेकायदा म्हणून तीस वर्षं हिणवलं, ती बांधकामं शहराच्या अर्थव्यवस्थेची अघोषित गृहनिर्माण योजना होती.

नगरपालिकेला हे उशिरा का होईना कळलं असावं. २०१९ मध्ये आलेल्या आराखड्याने २०२५ पर्यंत निम्म्याहून अधिक गावांच्या जागा पाडकामातून वगळल्या. २०२१ मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयानेही सरसकट पाडकामाला लगाम घातला. त्याच वर्षी मार्चपासून शेन्झेनचा स्वतःचा पुनर्विकास कायदा लागू झाला: ९५ टक्के मालक तयार असतील तर उरलेल्यांची घरं सरकार ताब्यात घेऊ शकतं. म्हणजे एकीकडे वाचवणं आणि दुसरीकडे अडून बसणाऱ्याची सोय लावणं, दोन्ही एकदम.

पाडायचं नाही म्हटल्यावर नवा धंदा उभा राहिला आहे: मोठी कंपनी किंवा सरकारी संस्था गावातल्या इमारती घाऊक भाड्याने घेते, वायरिंग बदलते, रंग लावते, खोल्या पुन्हा भाड्याने देते. २०१७-१८ मध्ये एका मोठ्या विकासकाने हे सुरू केलं तेव्हा एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्याच्या कामगारांनी भाडेवाढीविरुद्ध खुलं पत्र लिहिलं होतं. गल्लीत उजेड येतो, आग विझवायच्या नळ्या लागतात, हे चांगलंच. पण काम सुरू होण्याआधी खोल्या रिकाम्या कराव्या लागतात, आणि नंतर भाडं जुनं राहत नाही. जुना भाडेकरू मेट्रोच्या नव्या मार्गाने आणखी उत्तरेला, लोंगहुआ-लोंगगांगच्या पुढे सरकतो. शहराची हद्द संपते तिथे आता डोंगुआनची खेडी आहेत, आणि त्यांच्या घरठाणांवरही मजले चढलेले आहेत.